कम्प्युटरमधला ‘बग’ सगळ्यांना माहितीये, पण ग्रेस हॉपर यांनी कम्प्युटर कंपन्यांचीच परीक्षा घेतली होती ते माहितीये का?

एक पोस्ट तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलीच असेल. जुन्या वहीचं पिवळं पडलेलं पान, त्यावर चिकटपट्टीनं चिकटवलेला एक मेलेला पतंग, म्हणजे दिव्यावर झेपावणारा तो किडा. आणि खाली लिहिलेलं असतं की जगातला पहिला कम्प्युटर बग या बाईंनी पकडला.

बाईंचं नाव ग्रेस हॉपर.

गोष्ट भारी आहे, पण अर्धीच खरी आहे. आणि या बाईंच्या टीमनं जे काम केलं, ज्याच्या तत्त्वावर आजही जगभरातले इंजिनिअर रोज चालतात, ते या पोस्टमध्ये कधीच नसतं.

ते काम म्हणजे परीक्षा घेणं. माणसांची नाही, सॉफ्टवेअरची.

तुमचा एखादा मित्र आयटीत असेल तर त्याला विचारा. तो कोड लिहितो, मग काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करतो आणि एंटर मारतो. पुढच्या काही मिनिटांत शेकडो, कधी हजारो छोट्या चाचण्या आपोआप चालतात. शेवटी निकाल येतो, इतक्या पास, इतक्या नापास. या चाचण्यांच्या गठ्ठ्याला टेस्ट सूट म्हणतात. त्या ओळीच्या शेपटाला डॅश लावून काही अक्षरं जोडली की सगळ्या चाचण्या चालवायच्या की मोजक्याच, पहिल्या नापासाला थांबायचं की पुढे जायचं, हे सांगता येतं. यांना कमांड लाइन ऑप्शन म्हणतात.

आता हे सगळं एका नौदलातल्या बाईंपर्यंत कसं पोचतं, ते नीट सुरुवातीपासून बघू.

सात घड्याळं आणि लॅटिनचा पेपर

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. माहेरचं आडनाव मरे. वडील विम्याच्या धंद्यात होते. आईला गणिताची आवड. पणजोबा अमेरिकी नौदलात रिअर अ‍ॅडमिरल होते. त्यामुळं घरात नौदलाच्या गोष्टी लहानपणापासून कानावर पडायच्या.

सात वर्षांची असताना ग्रेसनं घरातलं गजराचं घड्याळ उघडलं. गजर वाजतो कसा, हे तिला बघायचं होतं. उघडलं, पण परत जोडता येईना. म्हणून दुसरं उघडलं. मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सातही घड्याळं सुटी झाली होती. आईनं मारलं नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचा, एवढीच अट घातली.

वडिलांना पायाच्या आजारानं ग्रासलं होतं आणि पुढे दोन्ही पाय कापावे लागले. आपल्यामागे मुलींनी कुणावर अवलंबून राहू नये, म्हणून मुलाला जेवढं शिकवायचं तेवढंच मुलींनाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

सोळाव्या वर्षी ग्रेसनं व्हॅसर कॉलेजला अर्ज केला आणि तो नाकारला गेला. कारण लॅटिनच्या पेपरात मार्क कमी पडले. पुढं जाऊन जगातल्या मोठमोठ्या कम्प्युटर कंपन्यांना पेपर देणारी बाई स्वतः पहिल्या पेपरात अडकली होती.

वर्षभर थांबून तिनं परत प्रयत्न केला आणि प्रवेश मिळवला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठातून एमए आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएचडी. मध्ये १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच गणित शिकवायला लागल्या.

नोकरी पक्की, प्रतिष्ठा होती, आयुष्य मार्गी लागलेलं. इथंच गोष्ट संपली असती.

वय जास्त, वजन कमी

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपर यांनी नौदलात जायचं ठरवलं.

नौदलाचं उत्तर होतं, नाही. एक तर वय जास्त. दुसरं म्हणजे वजन कमी, किमान अटीपेक्षा १५ पौंड, म्हणजे जवळजवळ ७ किलोनं. आणि तिसरं कारण म्हणजे गणिताची प्राध्यापक देशाला कॉलेजातच जास्त उपयोगी आहे.

बाई हटल्या नाहीत. वजनाची सवलत मिळवली, कॉलेजातून रजा काढली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणात आपल्या तुकडीत पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली ती जहाजावर नाही, तर हार्वर्ड विद्यापीठातल्या एका खोलीत.

त्या खोलीत मार्क १ नावाचं यंत्र होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच. आत शाफ्ट, चाकं आणि रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे स्विच. वेग किती, तर सेकंदाला तीन बेरजा. आज तुमच्या हातातला सगळ्यात स्वस्त फोनही याच्यापुढे अब्जावधी पटीनं वेगवान ठरेल. पण तेव्हा तोफांच्या माऱ्याची आणि युद्धाला लागणारी किचकट गणितं करायला हे यंत्र दिवसरात्र चालायचं.

साहेब होते हॉवर्ड एकन, कडक माणूस. त्यांनी हॉपर यांना यंत्राचं मॅन्युअल लिहायला लावलं. हॉपर यांनी ५०० पानांहून मोठं मॅन्युअल लिहिलं आणि ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं.

याच खोलीत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. एखादं गणित सोडवणाऱ्या सूचना एकदा बरोबर बसल्या की मंडळी त्या वहीत उतरवून ठेवायची. पुन्हा गरज पडली की एकमेकांच्या वहीतून कॉपी करायची. आणि कॉपी करताना माणूस हमखास चुकायचा. एखादा आकडा इकडचा तिकडं झाला की तासन्‌तास पाण्यात. म्हणजे यंत्र ठीक, गणित ठीक, पण मधला माणूस कच्चा दुवा.

पुढची चाळीस वर्षं हॉपर याच दुव्याच्या मागे लागल्या.

पतंगाची गोष्ट किती खरी?

आता त्या पतंगाकडे येऊ.

९ सप्टेंबर १९४७. हार्वर्डमध्येच बनलेल्या मार्क २ या यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेत अडकून मेलेला पतंग सापडला. कुणीतरी तो नोंदवहीत चिकटवला आणि खाली गमतीनं लिहिलं की खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

पण या नोंदीतला विनोद कळायला एक गोष्ट माहिती पाहिजे. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत तेव्हा जुनीच होती. एडिसनच्या काळातले इंजिनिअरही हा शब्द वापरायचे. म्हणूनच तर खरा किडा सापडल्यावर मंडळींना हसू आलं. म्हणजे शब्द हॉपर यांनी शोधला नाही आणि पतंगही त्यांनी स्वतः काढला नव्हता. त्यांनी फक्त ही गोष्ट आयुष्यभर इतक्या रंगवून सांगितली की ती त्यांच्याच नावावर चिकटली.

नाव मोठं झालं, पण खरं काम मागे पडलं.

हार्वर्ड सुटलं, आयुष्य घसरलं

युद्ध संपलं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. नौदलाच्या कायम सेवेत जायला अर्ज केला, तर वय जास्त म्हणून नकार मिळाला. हार्वर्डमध्ये बाईला कायमची जागा मिळण्याची चिन्हं नव्हती. व्हॅसरची प्राध्यापकी मिळत होती, पण ती त्यांनी नाकारली, कारण कम्प्युटर सोडवत नव्हता.

हा काळ त्यांच्यासाठी वाईट गेला. दारूचं व्यसन लागलं. १९४९ मध्ये फिलाडेल्फियात नशेत असताना पोलिसांनी त्यांना पकडलंही. पोस्टर झालेल्या माणसांच्या गोष्टीतून हा भाग सहसा गाळला जातो. पण तो सांगायला पाहिजे, कारण त्यांनी जे मोठं काम केलं ते सगळं याच्या नंतरचं आहे.

१९४९ मध्येच त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कम्प्युटर कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कम्प्युटर बनवत होती. वर्षभरात रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीनं तिला विकत घेतलं.

इथं हॉपर यांनी वहीतून कॉपी करण्याच्या त्या जुन्या दुखण्यावर औषध काढलं. माणसानं कॉपी करण्याऐवजी कम्प्युटरनंच लायब्ररीतून तयार सूचना उचलायच्या आणि जोडून पूर्ण प्रोग्राम बनवायचा. १९५२ मध्ये त्यांनी हे जगापुढं मांडलं. या प्रोग्रामचं नाव ए-झिरो आणि या प्रकाराला त्यांनी कम्पायलर म्हटलं. आजच्या कम्पायलरइतकं त्याचं काम मोठं नव्हतं, पण वाट तिथूनच निघाली. कम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, असं म्हणत बऱ्याच जणांनी आधी त्याकडे दुर्लक्ष केलं.

पुढचं पाऊल अजून धाडसी होतं. सूचना इंग्रजी शब्दांत लिहायच्या. हिशेबनीसाला वाचता येतील अशा. कंपनीच्या साहेबांना पटवायला त्यांनी नमुन्यात तेच शब्द फ्रेंच आणि जर्मनमध्ये बदलून दाखवले. यंत्राला शब्दाशी देणंघेणं नसतं, खुणेशी असतं, हे त्यांना दाखवायचं होतं. पण अमेरिकेत बनलेलं यंत्र फ्रेंच आणि जर्मन कसं काय समजेल, या विचारानंच साहेब लोक बिथरले, असं त्या नंतर सांगायच्या.

तरी काम झालं. फ्लो-मॅटिक नावाची भाषा तयार झाली. आणि १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकारानं धंद्यासाठी एक सामाईक भाषा बनवायचं ठरलं, तेव्हा त्या भाषेचा मोठा आधार फ्लो-मॅटिक होती. नवी भाषा म्हणजे कोबोल. ती एका समितीनं बनवली आणि हॉपर तांत्रिक सल्लागार होत्या.

डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या कम्प्युटरवर चालवून दाखवण्यात आला. एक आरसीएचा, दुसरा रेमिंग्टन रँडचा. म्हणजे कम्प्युटर बदलला तरी प्रोग्राम फेकून द्यायची गरज नाही.

निदान कागदावर तरी.

साठाव्या वर्षी रिटायर, सात महिन्यांत बोलावणं

३१ डिसेंबर १९६६ ला, वयाच्या साठाव्या वर्षी, नौदलाच्या राखीव दलानं हॉपर यांना निवृत्त केलं. तेव्हा त्या कमांडर होत्या. मनाविरुद्ध झालेली ही निवृत्ती त्यांना फार लागली.

पण सात महिन्यांत नौदलालाच त्यांची गरज पडली. कारण कोबोलचा घोळ.

झालं काय होतं, तर भाषेचं नाव एक आणि बोली अनेक. प्रत्येक कम्प्युटर कंपनी आमच्याकडे कोबोल आहे म्हणून सांगायची. पण एकीनं चार गोष्टी स्वतःच्या घातलेल्या, दुसरीनं दोन गोष्टी गाळलेल्या, तिसरीनं नियमाचा अर्थ भलताच लावलेला. इथं चालणारा प्रोग्राम तिथं अडकायचा. हे तरी बरं, कारण अडकला की कळतं. खरा धोका वेगळा होता. प्रोग्राम दोन्हीकडे बिनबोभाट चालायचा आणि उत्तर वेगळं द्यायचा.

एक उदाहरण घेऊ. कोबोलमध्ये एखाद्या रकान्याला तीनच आकडी जागा दिली, तर त्यात जास्तीत जास्त ९९९ मावतात. त्यात एक मिळवला तर काय व्हायला पाहिजे? प्रोग्रामरनं आकडा मावला नाही तर काय करायचं ते लिहून ठेवलं असेल, तर नियम असा की रकान्यातला जुना आकडा तसाच राहिला पाहिजे आणि लिहून ठेवलेला इशारा चालला पाहिजे. आता एखाद्या कंपनीच्या कम्पायलरनं जुना आकडा घालवून तिथं शून्य ठेवलं तर? तो रकाना एखाद्या सैनिकाच्या पगाराचा असेल तर? गोदामातल्या सुट्या भागांचा असेल तर?

नौदलाचे पगार, साठा, सगळं कम्प्युटरवर चढत होतं. आणि विकणारा म्हणतोय म्हणून विश्वास ठेवायचा, अशी अवस्था होती.

१ ऑगस्ट १९६७ ला हॉपर सहा महिन्यांसाठी परत आल्या. ते सहा महिने संपलेच नाहीत. मधला थोडा काळ सोडला तर त्या पुढची जवळजवळ १९ वर्षं गणवेशात राहिल्या.

कंपन्यांना पेपर

१९६७ ते १९७७ या काळात हॉपर नौदलाच्या प्रोग्रामिंग भाषांच्या गटाच्या प्रमुख होत्या. कोबोलचं अधिकृत अमेरिकी मानक १९६८ मध्ये आलं. पण नियमांचं पुस्तक असलं म्हणजे नियम पाळले जातातच असं नाही. म्हणून त्यांच्या गटानं कम्पायलरची परीक्षा घेणारे प्रोग्राम तयार केले.

कल्पना साधी होती. मानकातला एकेक नियम घ्यायचा. त्यावर छोटासा कोबोल प्रोग्राम लिहायचा, ज्याला बरोबर उत्तर आधीच माहिती आहे. तो कंपनीच्या कम्पायलरवर चालवायचा. आलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर प्रोग्रामनं स्वतःच ताडून बघायचं आणि पास की नापास ते छापायचं. माणसानं नजरेनं तपासत बसायचं नाही, कारण माणूस दमतो, चुकतो आणि कधीकधी विक्रेत्याच्या चहालाही जागतो.

हे काही हॉपर यांनी एकटीनं केलं नाही. गटातल्या प्रोग्रामरनी चाचण्या लिहिल्या. पण हे झालंच पाहिजे आणि सगळ्या कंपन्यांना एकच पेपर पाहिजे, हा हट्ट धरून ठेवणारी ताकद त्यांची होती.

पुढे हा पेपर फक्त नौदलाचा राहिला नाही, अमेरिकी सरकारच्या खरेदीशी जोडला गेला. इथं खरी मेख होती. पेपरात किती नापास, हे सरकारी ग्राहकाला दिसणार म्हटल्यावर कंपन्या आपापले कम्पायलर सुधारायला लागल्या. वेगवेगळ्या बोली हळूहळू जवळ आल्या. १९८० च्या दशकात हे काम राष्ट्रीय मानक संस्थेकडे गेलं. तिचं आजचं नाव निस्ट.

या पेपरची १९८५ च्या कोबोलसाठीची आवृत्ती आजही वापरात आहे आणि तिची रचना बघण्यासारखी आहे.

चाचण्या विभागांत वाटलेल्या आहेत. भाषेचा गाभा एका विभागात, ओळीनं वाचायच्या फाइली दुसऱ्यात, सॉर्टिंग तिसऱ्यात. प्रत्येक प्रोग्रामचं नाव विभागाच्या दोन अक्षरांनी सुरू होतं, जसं एनसी १०१ ए. यातलं एनसी म्हणजे गाभा. नावावरूनच कळतं की काय तपासलं जातंय.

प्रत्येक कम्प्युटरवर प्रिंटरचं नाव वेगळं, फाइलींची नावं वेगळी. मग दरवेळी शेकडो प्रोग्राम हातानं बदलायचे का? नाही. बदलणाऱ्या जागी खुणा ठेवलेल्या आहेत आणि सुरुवातीला एक्स-कार्ड नावाच्या ओळींत आपल्या यंत्राची माहिती भरायची. पंच कार्डाच्या जमान्यातली ही पद्धत. कुठले प्रोग्राम बाहेर काढायचे, तेही अशाच सूचनांनी सांगायचं. आज आपण डॅश लावून जे सांगतो, ते तेव्हा पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून सांगायचे. म्हणजे ऑप्शनच, फक्त पुठ्ठ्याचे.

आणि निकाल फक्त पास-नापास असा दोनच रकान्यांत येत नाही. चार रकाने असतात. पास, नापास, काढून टाकलेल्या आणि माणसानं बघायला हव्यात अशा. एखादी चाचणी एखाद्या कम्पायलरवर उभीच राहत नसेल तर ती बंद करता येते. पण बंद केली की ती गायब होत नाही, काढून टाकलेल्यांच्या रकान्यात मोजली जाते. आणि नापास असेल तर आलेलं उत्तर काय आणि यायला हवं होतं काय, हे दोन्ही छापलं जातं.

थोडक्यात, पेपर सोडायला परवानगी आहे, लपवायला नाही.

आजच्या काळ्या स्क्रीनवर

जीएनयू कोबोल नावाचा एक मोफत, मुक्त कम्पायलर आहे. जगभरातले स्वयंसेवक तो सांभाळतात. त्याच्या कोडच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक चेक’ असं टाइप केलं की प्रकल्पाच्या स्वतःच्या चाचण्या चालतात. ‘मेक टेस्ट’ म्हटलं की निस्टचा तो जुना पेपर चालतो. ‘मेक चेकऑल’ म्हटलं की दोन्ही. या पेपरातल्या नऊ हजारांहून जास्त चाचण्या हा कम्पायलर पास करतो.

प्रकल्पाच्या स्वतःच्या चाचण्यांना ऑप्शनही देता येतात आणि ते एकदा समजले की कुठल्याही टेस्ट सूटसमोर घाबरायला होत नाही.

पहिला, डॅश डॅश लिस्ट. काहीही न चालवता चाचण्यांची क्रमांकासह यादी दाखवतो. अनोळखी प्रकल्पात शिरताना आधी हेच करावं.

दुसरा, डॅश के आणि पुढे एखादा शब्द. त्या शब्दाशी जोडलेल्या चाचण्याच चालतात. तुम्ही फक्त सॉर्टिंगचा कोड बदलला असेल तर बाकीच्यांसाठी चहा पीत बसायची गरज नाही.

तिसरा, डॅश ई. पहिली चाचणी नापास झाली की तिथंच थांबतो.

चौथा, डॅश डॅश रीचेक. गेल्या वेळी नापास झालेल्याच पुन्हा चालवतो. दुरुस्ती केली, चालवलं, परत दुरुस्ती केली, या चक्रात सगळ्यात जास्त वेळ हाच वाचवतो.

पाचवा, डॅश डॅश जॉब्ज आणि पुढे आकडा. तेवढ्या चाचण्या एकाच वेळी चालतात.

आता गंमत बघा. पायथॉनच्या दुनियेत पायटेस्ट नावाचं साधन फार वापरलं जातं. तिथंही डॅश के आहे आणि अर्थ बराचसा तोच. पण पायटेस्टमध्ये पहिल्या नापासाला थांबायचं असेल तर डॅश एक्स लिहावं लागतं. आणि हेच डॅश एक्स जीएनयू कोबोलच्या चाचण्यांना दिलं तर ते थांबत नाही, उलट चालणारी प्रत्येक कमांड नोंदवत सुटतं. अक्षर एक, अर्थ दोन.

म्हणजे हॉपर ज्या दुखण्यावर औषध काढत होत्या, तेच दुखणं छोट्या रूपात आजही आपल्या स्क्रीनवर आहे. म्हणून नवीन प्रकल्पात आधी डॅश डॅश हेल्प टाइप करून वाचायचं, अंदाजानं अक्षरं मारायची नाहीत.

आणि अजून एक. मोजक्या चाचण्या चालवायचे ऑप्शन हे काम करताना वेळ वाचवायला असतात. शेवटी कोड बाहेर सोडण्याआधी सगळा पेपर एकदा पूर्ण सोडवावा लागतो. नाहीतर आपणच निवडलेल्या प्रश्नांत आपणच पहिले आल्यासारखं होतं.

जहाजावरचा निरोप

१९७३ मध्ये हॉपर कॅप्टन झाल्या. १९८३ मध्ये टीव्हीवर त्यांची मुलाखत गाजली, संसदेत त्यांच्या बढतीचा विषय निघाला आणि राष्ट्राध्यक्षांच्या खास नेमणुकीनं त्या कमोडोर झाल्या. १९८५ मध्ये त्या पदाचं नाव बदलून रिअर अ‍ॅडमिरल झालं. पणजोबांच्या पदावर पणती पोचली.

त्यांच्या ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ होतं. नेहमीची पद्धत हीच एकमेव पद्धत नाही, हे येणाऱ्याला आपोआप कळावं म्हणून. भाषणाला जाताना त्या तारेचे तुकडे घेऊन जायच्या, प्रत्येक तुकडा ३० सेंटिमीटरच्या आसपास. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, हे तरुण अधिकाऱ्यांना हातात धरून कळावं म्हणून.

१४ ऑगस्ट १९८६ ला त्या शेवटच्या निवृत्त झाल्या. वय ७९. सेवेत असलेल्या नौदल अधिकाऱ्यांत तेव्हा सगळ्यात वयस्क. निरोप समारंभ झाला बॉस्टनमध्ये, यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या १७९७ सालच्या जहाजावर. वय जास्त म्हणून जिनं नाकारलं होतं, त्याच नौदलानं.

त्यानंतरही घरी बसल्या नाहीत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार झाल्या आणि अखेरपर्यंत राहिल्या. १ जानेवारी १९९२ ला झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ८५. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला गेला. पुढं अमेरिकी नौदलानं एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं, २०१६ मध्ये मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्य पदक मिळालं आणि येल विद्यापीठातल्या एका कॉलेजला २०१७ मध्ये त्यांचं नाव लागलं.

आपल्याकडचा धागा जोडायचा तर, २००० साल उजाडण्याआधी वायटूकेची धास्ती होती, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या कित्येक तरुण इंजिनिअरनी घाईघाईनं कोबोल शिकून परदेशी बँकांचे जुने प्रोग्राम दुरुस्त केले होते. एका कम्प्युटरवर लिहिलेलं कोबोल इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, दुसऱ्या कम्प्युटरवर वाचता आलं आणि त्याच अर्थानं चाललं. भाषांना एका नियमात बांधणाऱ्या त्या पेपरचाही यात वाटा आहे.

वहीतला पतंग फोटोत छान दिसतो, म्हणून तो व्हायरल होतो. टेस्ट सूटचा निकाल म्हणजे नुसत्या ओळी आणि आकडे, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

पण महिन्याच्या एक तारखेला पगाराचा मेसेज येतो आणि आकडा बरोबर असतो, तेव्हा कुठंतरी कुणीतरी त्या ओळी चालवलेल्या असतात. सगळ्या, एकही न लपवता.